प्रवासवर्णनातली म्हातारी आणि कळंब गाडीतली मावशी

मराठी प्रवासवर्णनात एक म्हातारी लागतेच. कुठलाही दिवाळी अंक चाळा. लेखक लडाखला गेलेला असो, पोर्तुगालला किंवा पेरूला, चौथ्या-पाचव्या पानावर ती दारात बसलेली सापडते. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, डोळ्यांत शतकांची शांतता, आणि हातात लेखकाला द्यायला काहीतरी: सफरचंद, चहा, ओंजळभर अक्रोड. पैसे ती घेत नाही. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नाही, तरी सगळं कळतं. लेखक गहिवरतो आणि परिच्छेद संपतो. या म्हातारीनं आजवर एकाही मराठी लेखकाला 'पगार किती?' असं विचारल्याची नोंद नाही.

अलीकडे ही म्हातारी व्हिएतनामला राहायला गेली आहे. डोक्यावर ताडाच्या पानांची शंकूच्या आकाराची टोपी घालते, खांद्यावर फळांची कावड घेते आणि फोटोला उभी राहते. तिथं जाण्याचं कारण साधं आहे. २०२२ साली दोन गोष्टी घडल्या. जूनमध्ये मुंबईहून व्हिएतनामला थेट विमानं सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये महाराष्ट्र शासनानं पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट केला. वरवर पाहता दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण पहिलीमुळे माणसं म्हाताऱ्या बघायला परदेशी जाऊ लागली आणि दुसरीमुळे म्हाताऱ्या माणसं बघायला घराबाहेर पडल्या.

आमच्या धाराशिवातूनही आता व्हिएतनामचे ग्रूप निघतात. पूर्वी निवृत्त झालं की काशी-रामेश्वर असायचं, आता हनोई आणि हालाँग बे. आमच्या ग्रूपमध्ये दोन निवृत्त मुख्याध्यापक, एक आडत दुकानदार, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले एक साहेब, सगळ्यांच्या सौभाग्यवती आणि त्या सौभाग्यवतींनी नेलेली शेंगदाण्याची चटणी एवढा ऐवज होता. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग मिळतात, त्यामुळे विमानतळावर उतरल्या उतरल्या सगळे लखपती झाले आणि रात्रीच्या जेवणापर्यंत काही जण कोट्यधीश. आडत दुकानदार मात्र शेवटपर्यंत दिसेल त्या वस्तूचा भाव क्विंटलमध्ये काढत राहिले.

दोन मुख्याध्यापकांपैकी एक सर लेखक. त्यांना एका दिवाळी अंकाचं आमंत्रण होतं, म्हणजे म्हातारी शोधणं आलंच. पण त्याआधी त्यांच्या डोक्यात दुसरंच काम होतं. तो मजकूर तुम्हालाही व्हॉट्सॲपवर आलाच असेल: व्हिएतनामनं अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांचा गनिमी कावा अभ्यासून, आणि तिथल्या अध्यक्षांनी आपल्या समाधीवर 'महाराजांचा एक मावळा' असं कोरून घेतलं. मजकुराला आधार काही नाही. महाराजांना मोठेपणासाठी हनोईच्या दाखल्याची गरज नाही, आपल्याला असते. सरांनी हो चि मिन्ह यांच्या समाधिगृहात ती अक्षरं शोधायचं ठरवलं. या गृहस्थांनी आपल्या देहाचं दहन करावं असं लिहून ठेवलं होतं, तरी त्यांना काचेच्या पेटीत जपून ठेवलेलं आहे. तिथं रांगेत थांबायचं नाही, बोलायचं नाही, खिशात हात घालायचा नाही, फोटोचं तर नावच नको. सर वाकून पायऱ्या वाचायला लागले, तसा पांढऱ्या गणवेशातल्या एका सैनिकानं त्यांच्या दंडाला नुसतं बोट लावलं. हयातभर पोरांच्या रांगा लावलेला माणूस, पण स्वतः इतक्या झटकन रांगेत आलेला मी प्रथमच पाहिला.

संध्याकाळी होआन किएम तळ्याजवळ म्हातारी सापडली. हनोईच्या फुटपाथांवर अशा बायका जागोजागी चहा विकतात. बर्फ घातलेला फिकट हिरवा चहा, बरणीत सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाण्याची चिक्की, आणि गिऱ्हाइकाला तंबाखू ओढायची हुक्की आली तर बांबूची एक लांब नळी, असं सगळं दुकान दोन हातांत मावणारं. बसायला बालवाडीच्या मापाची प्लास्टिकची स्टुलं. सरांना त्यावर बसवायला आम्हा दोघांना दोन्हीकडून धरावं लागलं. बसल्यावर त्यांचे गुडघे कानांच्या पातळीवर आले.

म्हातारी तशीच होती जशी असायला हवी. सुरकुत्या, पान खाऊन लाल झालेले ओठ, सगळं जागच्या जागी. तिनं सरांकडे बराच वेळ पाहिलं. मग हळू आवाजात काहीतरी लांबलचक बोलली. बोलताना तळ्याकडे बोट केलं, मग आभाळाकडे, मग सरांच्या छातीकडे, आणि शेवटी त्यांच्या गुडघ्यावर अलगद थोपटलं. सरांचे डोळे पाणावले. त्यांनी डायरी काढली. मी मागून डोकावून वाचलं. 'तिनं तळ्याकडे बोट केलं. जणू सांगत होती: पाणी जातं, तळं राहतं. मग आभाळ दाखवलं. मग माझं हृदय.'

एवढ्यात आमची गाईड पोरगी आली. सर भारावलेल्या आवाजात म्हणाले, 'विचार ना, आजी काय म्हणताहेत?'

पोरीनं म्हातारीला विचारलं, ऐकून घेतलं आणि जरा चाचरतच सांगितलं, 'त्या म्हणतायत, तुमचं वय किती? ती तळ्याजवळ उभी आहे ती तुमची बायको का? असेल तर तुमच्या शर्टाचं हे बटण तुटलंय, ते तिनं लावलं का नाही? गुडघे दुखतात का? आणि आभाळ आलंय, पाऊस पडेल. एका ग्लासावर अजून किती वेळ बसणार?'

यात म्हातारीचं काही चुकलं असं नाही. तिथं समोरच्याचं वय कळल्याशिवाय त्याला काय म्हणून हाक मारायची हेच ठरत नाही, त्यामुळे वय विचारणं तिथल्या शिष्टाचारातच बसतं. वयापाठोपाठ लग्न, मुलं, नातवंडं ओघानं येतात. सरांनी आणखी एक ग्लास मागवला, चिक्की घेतली, पण डायरीतलं ते पान फाडलं नाही. दिवाळी अंकात 'पाणी जातं, तळं राहतं' ठळक अक्षरांत छापून आलं. त्यांना वाचकांचे फोन आले. एका बाईंनी ती ओळ मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत घालायची परवानगी मागितली.

म्हाताऱ्यांवर सगळेच असा अन्याय करतात असं नाही. रेहान नावाच्या एका फ्रेंच छायाचित्रकारानं होई आन गावातल्या एका नावाडी आजींचा फोटो काढला. फोटोत त्या दोन्ही हातांनी तोंड झाकून हसताहेत, दिसतात ते फक्त डोळे. फोटो जगभर गेला, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आला, हनोईच्या महिला संग्रहालयात लागला. पुढे त्यानं आजींना नवी नाव घेऊन दिली. हा हिशेब मला पटला. सुरकुत्या घेतल्या, नाव दिली. आमच्याकडचे लेखक सुरकुत्या घेतात आणि मानधन स्वतःकडे ठेवतात.

थोडक्यात, प्रवासातल्या म्हातारीचं शहाणपण पुष्कळदा दुभाषा जवळ नसण्यावर अवलंबून असतं. दुभाषा लागतच नाही अशा ठिकाणी काय होतं ते पाहायचं असेल तर धाराशिवच्या स्टँडवरून कळंब गाडीत बसावं.

मी बसलो तो पुतण्याच्या वास्तुशांतीला जायचं म्हणून. गाडी फलाटाला लागायच्या आतच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडायला लागल्या. ही जागा धरण्याची आपली जुनी रीत. माझ्या पुढे उभ्या असलेल्या मावशींनी मात्र खिडकीतून रुमाल टाकला नाही, नातू टाकला. सहा-सात वर्षांचं ते पोरगं आत पडलं, सीटवर हातपाय पसरून आडवं झालं, मावशी दारानं सावकाश चढून आल्या, बसल्या, आणि नातू आल्या वाटेनं खिडकीतून परत फलाटावर त्याच्या आईकडे गेला. शेजारची जागा मला मिळाली ती मावशींच्या मेहेरबानीनं. 'बसा बाबा,' त्या म्हणाल्या, 'बाईमानूस आसती तर जरा गप्पा झाल्या आसत्या.' गप्पांच्या बाबतीत मावशींनी पुढं मला काहीच कमी पडू दिलं नाही.

कंडक्टर आला. पासष्टीला अजून अवकाश असल्यानं माझं तिकीट पुरं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, पासष्ट ते पंचाहत्तरच्या ज्येष्ठांना अर्धं, त्यापुढं शून्य. गाडीत नजर फिरवली तर पूर्ण पैसे मोजणारे आम्ही तिघे-चौघे, एकमेकांकडे बंधुभावानं पाहत होतो. सवलतीचे पैसे शासन महामंडळाला भरून देतं हे मला माहीत आहे. पण त्या क्षणी गाडीचं डिझेल आपणच घालतोय असं वाटल्याशिवाय राहत नाही.

बायका वय लपवतात हा विनोद मराठवाड्यात ऑगस्ट २०२२ मध्ये कालबाह्य झाला. आता सत्तरीची बाई डोळ्याला डोळा भिडवून अठ्ठ्याहत्तर सांगते. कंडक्टर आधार कार्ड मागतो. मावशींनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं कार्ड काढलं. जन्मतारीख ०१/०१/१९५२. आमच्याकडची जुनी पिढी पुष्कळशी एक जानेवारीलाच जन्मली आहे. उरलेली एक जूनला, म्हणजे ज्यांना मास्तरांनी ओढून शाळेत घातलं ती.

'आजी, त्र्याहत्तरच भरत्यात. अर्धं लागंल.'

'आरं, रझाकाराच्या वक्ताला माज्या मायनं मला कडब्याच्या गंजीत लपिवलं, अन् तू मला बावन्नला जलमाला घालतूस?'

'कार्डावर हाय तसं. मी काय करू?'

'कार्ड काय माज्या मायच्या बाळतपनाला आल्तं का?'

गाडी हसली, कंडक्टरही हसला, पण मशीन हसत नाही. मी मनात हिशेब केला. १ जून १९४८ ला पुणे-नगर अशी पहिली एसटी धावली, तेव्हा धाराशिवात निजामाचं राज्य होतं. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. तेव्हा जी मुलगी गंजीत लपली होती ती कुठल्याही गणितानं आज पंचाहत्तरीच्या पुढंच निघते. इतिहास मावशींच्या बाजूनं होता, कार्ड कंडक्टरच्या बाजूनं, आणि तिकीट कार्डावर निघतं. मागच्या सीटवरचे एक गृहस्थ म्हणाले, 'तहसीलला जाऊन दुरुस्ती करून घ्या.' मावशी म्हणाल्या, 'तितं जायला बी तिकीटच काडावं लागतंय की.' कनवटीची गाठ सोडून त्यांनी पैसे मोजून दिले आणि सुटे परत येईपर्यंत कंडक्टरचा हात सोडला नाही.

मग गाडी येडशीच्या रस्त्याला लागली आणि मावशी माझ्याकडे वळल्या.

'कुन्या गावचं तुमी?'

गाव सांगितलं. आडनाव विचारलं. सांगितलं. त्यातून त्यांना जे हवं होतं ते सगळं मिळालं असावं, कारण त्यावर दुसरा प्रश्न आला नाही. मग नोकरी कुठं होती, पेन्शन बसली का, किती, बायकोला साखर आहे का, तुम्हाला आहे का, गोळी सकाळची की दोन वक्ताची. शेती किती? सात एकर, म्हणालो. एसटीत सात-बारा कुणी मागत नाही. हिरीला पानी हाय का? पोरं किती? पोरगं काय करतंय? पुण्यात कंपनीत. लगीन? अजून नाही. इथं मावशींनी पहिल्यांदा सविस्तर श्वास घेतला. वय विचारलं. एकतीस. 'आगं बया,' त्या म्हणाल्या, मला उद्देशून नव्हे, समोरच्या सीटच्या पाठीला उद्देशून.

येडशीपर्यंत मी 'तुमी' होतो. येडशीनंतर 'तू' झालो. एकतिसाव्या वर्षी बिनलग्नाचं पोर ठेवणाऱ्या माणसाला कुणी 'अहो-जाहो' करत नाही.

विषय बदलावा म्हणून मी व्हिएतनाम काढलं. एरवी या विषयावर लोक गप्प होतात आणि ऐकतात, असा माझा अनुभव.

'कुटं हाय ते?'

'चीनच्या खाली.'

'चीनच्या खाली! मंग पानी वरनंच येत आसंल. सोडत्यात का चीनवाले?'

मी चमकलो. मेकाँग नदी चीनमधून उतरते, वरच्या अंगाला चीननं धरणांवर धरणं बांधली आहेत, आणि खाली व्हिएतनामच्या भातशेतीला पाणी कधी किती येणार ही तिथली खरीखुरी डोकेदुखी आहे. हे कळायला मला टूरमध्ये पुस्तिका वाचावी लागली होती. मराठवाड्यातल्या बाईला ते नकाशा न बघता कळतं.

'न्हाई सोडत ना? कुनीच सोडत न्हाई,' मावशी म्हणाल्या. 'आमच्याकडं किस्नेचं पानी येनार, येनार, मनून सून आल्यापसनं आयकतेय. आता नातसून यायला झाली.'

त्या देशानं अमेरिकेला हरवलं, मी सांगितलं. मावशींना अमेरिका ठाऊक होती. 'मिलोवाली? बहात्तरच्या दुष्काळात त्यांची ती तांबडी मिलो खाल्ली. भाकर थापावी तर तुकडं पडायचं. खडी फोडून आलं की तीच. पोरं रडायची.' मला आठवलं, त्याच वर्षीच्या डिसेंबरात, १८ पासून २९ तारखेपर्यंत, अमेरिकेची बी-५२ विमानं हनोईवर बाँब टाकत होती. ती चहावाली तेव्हा पंचविशीत असेल. मावशीही. मी हे सांगितलं तर मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'त्यांनी निदान हरिवलं तरी. आमी ती खाल्ली.'

यापुढं मात्र मी काहीही काढलं तरी मावशींकडे त्याला धाराशिवचा जोड तयार होता. तिथल्या बायका पानं शिवून केलेली टोपी घालतात, उन्हा-पावसाला एकच. 'आमची पोत्याची खोळ काय वाईट हाय? वर ती वाळवून परत धान्य भरता येतंय.' 'मी सन' नावाच्या ठिकाणी हजार-बाराशे वर्षांची विटांची देवळं आहेत, महादेवाची. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथं दुरुस्तीला गेली होती, त्यांना २०२० मध्ये अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. 'विटाचं देऊळ तेरला बी हाय की. अन् त्याची वीट पान्यावर तरंगती. तितली तरंगती का?' मी विचारलं नव्हतं. तेर म्हणजे जुनं तगर, जिथला माल दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या व्यापाऱ्यांपर्यंत जात होता. अशा गावाशेजारच्या बाईला परदेशाचं कौतुक सांगायला जाणारा मीच शहाणा.

मग मी हुकमाचं पान काढलं. न्हा त्रांग नावाच्या गावी समुद्राकाठी टेकडीवर देवीचं ठाणं आहे, पो नगर. तिथं ती महिषासुरमर्दिनीच मानली जायची, आपल्या तुळजाभवानीसारखी. तिला दहा हात आहेत.

'धा?' मावशींनी प्रथमच माझ्याकडे पूर्ण वळून पाहिलं. 'आमच्या तुळजापूरचीला आठ.'

'हो. तिला दोन जास्त.'

मावशींनी हे मनात तोलून पाहिलं. 'मंग तिच्यामागं काम जास्ती आसंल. आमची वर्सातनं तीनदा पलंगावर झोपती. नवरात्राच्या आदी, दसऱ्याच्या मागनं, अन् पुसात. तितली झोपती का?'

माझ्या माहितीत नव्हतं.

'बग मंग,' मावशी म्हणाल्या. विजय पदरात पडल्यावर त्यांनी मला मूठभर भाजलेल्या शेंगा दिल्या आणि टरफलं खिडकीबाहेर टाकू नकोस, पिशवीत टाक, शेळीला होतात, असं बजावलं.

एका गोष्टीनं मात्र मावशी खरोखर हरल्या. निन्ह बिन्हजवळ ताम कोक इथं भाताच्या खाचरांमधून आणि डोंगराच्या पोटातल्या गुहांमधून नावेनं फिरवतात. नावाडी बहुतेक बायका. त्या पाठीमागं रेलून बसतात आणि वल्ही पायांनी मारतात.

'पायानं? अन् हात?'

'हात मोकळे. परतताना नावेतली पेटी उघडून भरतकामाचे रुमाल विकायला काढतात.'

मावशींच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला आदर म्हणतात. 'पायानं धंदा अन् हातानं दुकान! अन् गिऱ्हाईक पान्याच्या मदी, पळून जातंय कुटं!' त्यांनी आपल्या पावलांकडे पाहिलं, बोटं हलवून बघितली. त्या जन्माला आल्या तो मुलूख कोरडा, नाव चालवायला एवढं पाणीच नाही, नाहीतर धाराशिव जिल्ह्यात हा धंदा त्याच दिवशी सुरू झाला असता.

'खायला काय घालायचे?'

इथं मी जरा सैल पडलो. टूर कंपनीनं रोज आपलं जेवण दिलं, असं सांगून टाकलं. वरण, भात, पोळी, बटाट्याची भाजी. एका रात्री तर हनोईत श्रीखंड.

'म्हंजी चीनच्या खाली जाऊन वरनभात खाल्लास?'

'सोय म्हणून.'

'किती पडले?'

मी निम्मा आकडा सांगितला. मावशींनी डोळे मिटून हिशेब केला. 'तेवड्यात शेरडांचं खांड झालं आसतं. दोन-दोन पिलं देत्यात एका येताला.' शेरडं म्हणजे आमची उस्मानाबादी. काळी, जुळी देणारी, देशभर नाव असलेली. २०२३ मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, तिचं अजून उस्मानाबादीच आहे. तिनं हरकत घेतलेली नाही. तिच्याकडं आधार कार्ड नाही हे त्याचं एक कारण असावं.

येरमाळा जवळ आलं तशी मावशींनी आवराआवर सुरू केली. पिशवी, टरफलांची पिशवी, काठी. येडेश्वरीच्या दिशेला बसल्या जागेवरून हात जोडले. 'चैतात ये,' मला म्हणाल्या. 'पुनवेच्या दुसऱ्या दिशी, चुनखडी येचायला. अन् पोराला घिऊन ये. त्यो कंपनीतनं सुट्टी देत न्हाई मनंल. तू ऐकू नगंस.'

गाडी थांबली. कंडक्टरनं हात देऊन उतरवलं. उतरता उतरता मावशी त्याला म्हणाल्या, 'येताना दुसरा असंल तर बरं, त्यो तरी शून्याचं देईल.' आणि पाय जमिनीला लागतो न लागतो तोच पिशवीतून बटणांचा मोबाइल काढून कानाला लावला. गाडीच्या इंजिनाच्या वरताण आवाज होता, पण नेमकं त्याच वेळी ड्रायव्हरनं गिअर टाकला. 'आगं मंगल, आयक, कळंब गाडी...' एवढंच माझ्या कानावर आलं.

गाडी मोकळी झाली होती. मी खिडकीशी सरकलो. मागच्या सीटवरचे तहसीलवाले गृहस्थ पुढं वाकून म्हणाले, 'तुमी शुगरची गोळी दोन वक्ताची घेता मनलात, ती जेवनाआदी का नंतर?' मी नंतर म्हणालो. त्यांच्या शेजारच्यानं आदी म्हणून सांगितलं. कळंब येईपर्यंत त्या विषयावर आख्ख्या गाडीचं एकमत झालं नाही.

कळंबच्या स्टँडवर उतरलो तर पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ गाडीतून उतरणारी पुरुष माणसं एकेक करून न्याहाळत होते. मला पाहून त्यांनी हातातला घडी केलेला कागद सरळ केला.

'राम राम. येतनामवाले तुमीच का?'

मी मान डोलावली.

'माजी म्हेवनी मंगल, तिच्या आत्या तुमच्या गाडीत व्हत्या. ही बायोडाटा. पोरगी बीएस्सी ॲग्री हाय, पुन्याला यायला तयार हाय.' कागद त्यांनी माझ्या हातात दिला, आपुलकीनं खांद्यावर हात ठेवला आणि आवाज जरा खाली आणून म्हणाले, 'आत्या मनल्या, शेती सात एकर सांगत्यात, पर पाचच धरून चला.'